पटाशी आणि पाखऱ्याचं शिंग

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी दारव्ह्याच्या बागेतली, लाकूड कोरणारी जुनी पटाशी आहे आणि माणसांवर माझा फार राग आहे.

एका काळ्यापिवळ्या जीपच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यातून लोहाराने मला घडवले. इकबाल मिस्त्रींनी मला बाभळीची मूठ बसवली. त्या वर्षांत कापसाने सगळ्यांना रडवले होते. तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी लाकडी नंदी विकत आणणेही जड झाले होते. म्हणून मिस्त्री दर रविवारी बागेतल्या निंबाखाली नंदी कोरायला शिकवू लागले, तेही फुकट. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. मला त्याचे काही नव्हते. मला काम आवडे.

बेबीताईंच्या घरचा पाखऱ्या बैल त्या साली विकला गेला होता. त्याचे उजवे शिंग खाली वाकलेले होते. लेक सोनूसाठी त्या हुबेहूब तसाच नंदी कोरत होत्या. शिंगे वेगळी करून बसवा, असे मिस्त्रींनी सांगून पाहिले.

"आमच्या पाखऱ्याचं शिंग कोनी चिपकवलं होतं काय?" बेबीताई म्हणाल्या.

मग एकाच लाकडातून शिंगही कोरता यावे म्हणून मिस्त्रींनी मला दगडावर घासून घासून धार लावली.

पोळ्याच्या दिवशी मिस्त्री नंदींसाठी रंग आणायला गेले होते. बागेच्या समितीचे घनश्यामभाऊ फाटक रंगवत होते. त्यांनी न विचारता मला उचलले आणि रंगाचा डबा उघडायला त्याच्या झाकणात खुपसले.

"भाऊ, धार जाईन ना तिची!" बेबीताई ओरडल्या.

"लोखंडाले काय होते? घे तुही पटाशी," मला परत देत ते म्हणाले.

माझ्या धारेचा तुकडा उडून दाता पडला होता. पण तान्हा पोळा दुसऱ्याच दिवशी होता आणि काम थोडेच उरले होते. बेबीताईंनी मला शिंगावर टेकवले. मी अडकले. त्यांनी जोर लावला आणि वाकडे शिंग मोडून मातीत पडले.

मिस्त्री परत आल्यावर आपल्या दुकानातला नंदी देऊ लागले. बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या, "तो पाखऱ्या नाही, मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात सोनूने एकाच शिंगाचा नंदी ओढत आणला. चांगल्या नंदींना बक्षिसे वाटायला घनश्यामभाऊच उभे होते. ते मोठ्याने हसले.

"काय वं पोरी, याचं दुसरं शिंग कुठी गेलं?"

"तुमच्या रंगाच्या डब्यात," सोनू म्हणाली.

घनश्यामभाऊंनी पुढच्या लेकराला हाक मारली. बक्षीस तिला मिळाले नाही.

मित्रांनो, मी विनंती करत नाही, बजावते. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावण्याआधी विचारा. मला दगडावर घासून पुन्हा धार आली, पण सोनूच्या पाखऱ्याला शिंग आले नाही.