मौद्याहून रोज चाळीस भेटी

मेघाने काढलेला आलेख इतका स्वच्छ होता की त्यावर वाद घालायला कोणालाच जागा उरली नव्हती. रेषा डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरत गेली होती. तीन वर्षांपूर्वी 'हुडका'चं होमपेज दिवसाला अकरा हजार वेळा उघडलं जायचं. आता नऊशे वेळा.

'हुडका' म्हणजे नागपुरात धरमपेठेत एका दुकानाच्या माडीवरून नऊ माणसांनी चालवलेलं सर्च इंजिन. मराठी, आणि विदर्भापुरतं. कोणत्या गावात कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो, शेवटची बस किती वाजता सुटते, अशा मोठ्या इंजिनांना ठाऊक नसलेल्या गोष्टी त्यात सापडायच्या. शोधणारे कमी झालेच नव्हते, उलट दुप्पट झाले होते. फक्त त्यांची सवय बदलली होती. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत शब्द टाकला किंवा फोनला तोंडानेच विचारलं, की थेट उत्तरांची यादी समोर. होमपेज लागतंय कोणाला?

पण त्या होमपेजवर वच्छलाबाईंचा प्रश्न असायचा.

वच्छलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. अडीच वर्षांपासून रोज एक प्रश्न. उत्तर त्या कधीच देत नसत. "उत्तर देल्लं का डोकं चालनं बंद," असं त्यांचं म्हणणं. कंपनीचे मालक विक्रम सर यांनी मेघाचा आलेख पाहिला आणि ठरवून टाकलं, की सोमवारच्या बैठकीनंतर प्रश्न काढायचा आणि होमपेजवर फक्त कोरी चौकट ठेवायची.

शुक्रवारी बाई नेहमीप्रमाणे पुढच्या आठवड्याचे सात प्रश्न वहीच्या पानावर लिहून घेऊन आल्या. विक्रम सरांनी त्यांना बसवून, पाणी देऊन, गोड शब्दांत सगळं सांगितलं. बाईंनी मान डोलावली. जाताना त्या मेघाच्या टेबलाशी थांबल्या.

"आलेख तू काढला म्हणे. चांगला काढला. अक्षांना नावं आहेत, एककं आहेत. माझी पोरं एककं लिहायचीच नाहीत." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकच सांग वं. कोणी वाचते का ते?"

"नऊशे लोक पान उघडतात, बाई."

"उघडणं येगळं, वाचणं येगळं. मी पुस्तकं उघडून झोपणारी पोरं लय पाह्यली."

संख्याशास्त्रात एमएस्सी करून नोकरीला लागलेल्या मुलीला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटत नाही. पण 'माहीत करून घेतलं नाही' म्हणायची वाटते. त्या आलेखामुळे एका बाईचं काम जाणार होतं, आणि तिने विचारलेली साधी गोष्ट मेघाने तपासलीच नव्हती.

दुपारी तिने टाकून दिलेली माहिती उघडली.

कोणताही आलेख काढण्याआधी माहिती चाळून घ्यावी लागते. मेघाच्या दोन चाळण्या होत्या. एकाच कनेक्शनवरून दिवसात वीसपेक्षा जास्त भेटी आल्या तर ते माणूस नव्हे, यंत्र, काढून टाका. आणि शोधलेलं वाक्य आठ शब्दांपेक्षा लांब असून त्याला एकही निकाल नसेल, तर तो कचरा; काढून टाका. दोन्ही नियम पुस्तकातले होते.

पहिल्या चाळणीवर उरलेल्या ढिगात तिला एक विचित्र रांग दिसली. रोज सकाळी सात ते आठ, एकाच कनेक्शनवरून, अडतीस ते बेचाळीस भेटी. कनेक्शनचं नाव नागपूरजवळच्या मौद्याच्या एका अभ्यासिकेचं होतं.

"बॉट आहे तो," विक्रम सर तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाले.

"सर, बॉट असता तर दर साठ सेकंदांनी आला असता. हा कधी चाळीस सेकंदांनी येतो, कधी दोन मिनिटांनी. आणि बुधवारी येतच नाही. यंत्राला कशाची सुट्टी? मी उद्या तिथे जाऊन पाहते."

"तुले शनिवारी दुसरं काम नाही का गा?" ते हसले. मेघाला 'गा' म्हणायची त्यांना सवयच होती. ऑफिसात ते सगळ्यांनाच 'गा' म्हणत. "जा मग. पाहून ये. पण सोमवार म्हणजे सोमवार."

शनिवारी पहिल्या बसने मेघा मौद्याला उतरली. अभ्यासिका विहाराला लागूनच होती, एक लांब खोली, दारावर 'बुधवारी बंद'ची पाटी. भिंतीशी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मध्ये बाकं आणि कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर. त्याच्यासमोर रांग. कॉलेजची मुलं, दोन गृहिणी, खांद्यावर माप घ्यायचा टेप टाकलेली एक बाई, एक पोस्टमन. रांगेच्या तोंडाशी पांढऱ्या शर्टातले एक ताठ गृहस्थ उभे होते.

"जय भीम," मेघा म्हणाली. "मी नागपूरहून आले. 'हुडका'मधून."

"जय भीम, पोरी. मी देवाजी. लाइनीत लाग, पाळी आली का पाहू."

मेघा मुकाट्याने रांगेत लागली आणि पाहत राहिली. प्रत्येक जण खुर्चीवर बसायचा, 'हुडका'चा पत्ता एकेक अक्षर दाबून लिहायचा, होमपेज उघडायचा, प्रश्न मोठ्याने वाचायचा, चौकटीत काहीतरी टाइप करायचा आणि सगळं बंद करून उठायचा. पुढचा यायचा, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशीचा प्रश्न होता, 'मे महिन्यात गार हवा देणारा कूलर जुलैत चिपचिप का करतो?' बेचाळीस वेळा तोच प्रश्न. खोलीतल्या सगळ्यांना तो एव्हाना तोंडपाठ झाला असणार.

"काका, एकाने उघडून ठेवलं आणि सगळ्यांनी वाचलं तर चालणार नाही का?" शेवटी तिने विचारलं.

देवाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने हात न धुता जेवायला बसायची परवानगी मागितली होती.

"मी बत्तीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधी होतो. शिफ्टचा चार्ज घेताना पैल्याचं रीडिंग चालत नाही. तो म्हणन सारं ठीक आहे, आन् आपून मान हलवली, का गेलं काम! पॅनल आपल्या डोळ्यानं पाहाचं. रोज. पैल्यापासून. इथं बी तोच नियम."

"पण मग पत्ता कशाला लिहायचा? वरच्या पट्टीत नुसता शब्द टाकला तरी..."

"तसं केलं का माणसाले जे पाह्यजे तेच भेटते," देवाजी म्हणाले. "जे पाह्यजे नव्हतं, ते मंग कधी भेटन?"

मेघाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याला कोणतं एकक लावायचं, ते तिला सुचेना.

टेप टाकलेल्या बाईची पाळी आली. तिचं नाव कौसल्या, बाजूलाच ब्लाउज शिवायची. तिने चौकटीत लिहिलं, 'जुलैत हवेचं पोट आधीच पाण्यानं भरलेलं राहते बाई मंग कूलरचं पाणी ते घेईन कसं' आणि एंटर दाबलं. पडद्यावर आलं, 'सापडलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"घ्या!" कौसल्याने कपाळावर हात मारला. "एकशेबारावं. बाई लय कडक आहे बाप्पा. आजवर एकालेही बरोबर म्हणलं नाही."

मेघा खुर्चीजवळ सरकली. "तुम्ही हे... बाईंना लिहिता?"

"मंग कोणाले? त्या प्रश्न विचारते, आमी उत्तर देतो."

खोलीतले सगळे तिच्याकडे पाहत होते. खरं सांगणं भाग होतं. मेघाने सांगितलं, की ती चौकट शोधण्याची आहे, ते वाक्य यंत्राचं आहे, बाईंपर्यंत यातलं एक अक्षरही पोहोचलेलं नाही. आणि सोमवारी प्रश्न बंद होणार आहे, तेही सांगितलं.

देवाजींनी हात वर करून रांग थांबवली.

"म्हणजे चार महिने मी भितीशी बोलून राहिली?" कौसल्या म्हणाली.

"भिंतीशी नाही. माझ्या कचऱ्याच्या फाइलीशी." मेघाला ते बोलताना कानकोंडं झालं.

कौसल्याने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "थांब, थांब. म्हणजे माहं चूक नव्हतं?"

"कूलरचं? नाही. अगदी बरोबर आहे."

"अरे देवाजीभाऊ, माहं बरोबर हाय!" कौसल्या ओरडली आणि खोलीत गलकाच उडाला. पोस्टमनला त्याचं मडक्याच्या पाण्याचं उत्तर तपासून हवं होतं. एक मुलगी वहीच घेऊन धावली. तिने तारखा आणि नावांसकट सगळ्यांची उत्तरं लिहून ठेवली होती. "लाइनीत! लाइनीत या!" देवाजी ओरडत होते, पण त्यांच्याही हातात एक कागद होताच.

"सोमवारी किती वाजता आहे ती मीटिंग?" शेवटी त्यांनी मेघाला विचारलं.

"अकराला."

"मंग अकरापर्यंत बाईकडून आमचे मार्क पाह्यजे. पेपर घेऊन गेली आन् निकाल न लावता शाळा बंद केली, हे काही बरोबर नाही."

परतीच्या बसमध्ये मेघाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दुसऱ्या चाळणीवर उरलेलं सगळं उघडलं. दोन हजार सहाशे चौदा वाक्यं. उमरेडहून, काटोलहून, भंडाऱ्याहून. 'बाई, कालच्या प्रश्नात तुम्ही वाऱ्याचा विचार केला नाही.' 'बाई, माझे मिस्टर म्हणतात उष्णता, मी म्हणते दाब, कोण बरोबर?' नागपुरातल्या धंतोलीच्या एका दवाखान्यातून कोणीतरी सलग नऊ दिवस लिहिलं होतं, आणि नवव्या दिवशी, 'आज आईला सुट्टी भेटली बाई, उद्यापासून घरून उत्तर देईन.' दहाव्या दिवशी वर्ध्याहून उत्तर आलेलं होतं. ते वाचून मेघा एकटीच हसली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पास झाली का वं?"

"मी नाही," ती म्हणाली, "पण पुष्कळ लोक झाले."

सोमवारी अकराला तिने विक्रम सरांना आधी एकच विनंती केली. "सर, आपलं होमपेज उघडून दाखवा."

"त्यात काय? रोज पाहतो मी." त्यांनी वरच्या पट्टीत 'हुडका' लिहिलं. ब्राउझरने त्यांचा कालचाच शोध पुरा केला आणि सावजीच्या हॉटेलांची यादी आली. त्यांनी पुन्हा लिहिलं. आता 'हुडका'बद्दलच्या बातम्या आल्या. मग फोन काढून 'हुडका'च्या चिन्हावर बोट ठेवलं. तिथेही थेट यादी.

"अरे यार, गेलं कुठं ते?"

"तिथंच आहे, सर. तुम्हीच तिकडून जात नाही." मेघाने कागद पुढे केला. "माझा आलेख बरोबर आहे. भेटी कमी झाल्यात, आणि आणखी होतील. पण चाळण्या चुकल्या. वरच्या पट्टीतून आज आलेल्या दहा जणांपैकी दुसऱ्या दिवशी एक जण परत येतो. होमपेजवरच्या दहांपैकी सात. मी ज्यांना यंत्र आणि कचरा म्हणून फेकलं, ते आपले सगळ्यात पक्के लोक आहेत."

विक्रम सरांनी आकडे दोनदा पाहिले. मग वाक्यं वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर ते खुर्चीत मागे रेलून मोठमोठ्याने हसले. "हा उमरेडवाला तर बाईलेच शिकवून राहिला!" आणि थोड्या वेळाने, "प्रश्न राहू दे. खाली उत्तराची वेगळी चौकट टाका. सहा महिने पाहू. आणि ते 'पुन्हा प्रयत्न करा' आधी काढा, लोकाले नापास करून राहिलो आपण!"

वच्छलाबाई दुपारी आल्या. मेघाने छापलेला गठ्ठा आणि मौद्याच्या मुलीची वही त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. बाईंनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"लाल पेन आहे का कोणापाशी?" त्यांनी विचारलं, आणि आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत झाला.

संध्याकाळपर्यंत मौद्याचा पहिला पेपर तपासून झाला. कौसल्याला एकशेबारापैकी चौऱ्याण्णव. निकाल बाईंनी स्वतः फोनवर सांगितला. फोन स्पीकरवर होता.

"अठरा कुठं गेले बाई?" पलीकडून लगेच प्रश्न आला.

"चुकले. लोखंडी कढईतलं वांगं काळं का पडते, त्याचं तू काय लिहिलं? 'भाजी कढईतच ठेवली म्हणून.' ते कारण नाही. वांग्यातल्या द्रव्याचा लोखंडाशी संयोग होते, म्हणून."

"पण मी शिजल्याबरोबर काढून घेते तं माहं काळं पडत नाही! तुमी कधी काढून पाह्यलं का?"

ऑफिसात सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. विक्रम सरांनी तोंडावर हात ठेवला.

बाईंनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. "नाही पाह्यलं," त्या म्हणाल्या. "उद्या पाहते. तोवर अर्धा मार्क."

"पुरा लागन बाई, पाहजा!"

फोन बंद झाला. बाईंनी कौसल्याच्या पानावर अर्धा लिहिला, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि मेघाकडे वळल्या.

"माझ्याकडं सगळी स्टीलची भांडी. तुह्या घरी लोखंडी कढई आहे का वं?"