आवाज बारीक

“तुमीच का ते शूटिंगवाले?”

अंबडच्या स्टँडवर त्रिंबकच्या शेजारी येऊन बसलेल्या माणसाने विचारलं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलण्यात आपुलकी. त्रिंबकने मांडीवरची पिशवी पोटाशी घेतली. तिच्यात कॅसेट होती.

“गोपिकाबाईचं घर नदीकडंच हाये न्हाई का? एकलीच राहती बिचारी. जपून राहा म्हणावं.”

एवढं बोलून तो उठला आणि रस्त्यापलीकडच्या जीपमध्ये जाऊन बसला.

तीर्थपुरीच्या गाडीतून त्रिंबक सारखा मागे वळून पाहत होता. जीप कधी दिसे, कधी धुळीत नाहीशी होई. दिसत नसे तेव्हा जास्त भीती वाटे.

जालन्यात मस्तगडला त्याचं दुकान होतं. लग्नसराईत लग्नांचं शूटिंग करायचं आणि त्या कमाईवर उरलेलं वर्ष स्वतःच्या फिल्म करत हिंडायचं, असं त्याचं बरीच वर्षं चाललं होतं. त्याला कधी कुणी बक्षीस दिलं नाही. त्याचा हट्ट एकच, ज्यांच्यावर फिल्म केली त्यांना ती सगळ्यांत आधी दाखवायची. अठ्ठ्याण्णव सालची ही फिल्म गोदावरीतल्या वाळूवर होती. ठेकेदाराने पात्रात खोल खड्डे खणून तसेच सोडले. पाणी चढलं आणि मेंढरं घेऊन नदीवर गेलेला रखमाजी त्यातल्याच एका खड्ड्यात बुडाला. त्याच्या बायकोने, गोपिकाबाईने, कॅमेऱ्यासमोर ठेकेदाराचं नाव घेतलं. बाकी कुणीच घेतलं नव्हतं.

नदीकाठच्या तिच्या वस्तीवर पोचल्यावर तो आधी तिच्याकडे गेला. स्टँडवरचं सगळं सांगून म्हणाला, “न्हाई दाखवत, अक्का. कॅसेट वापस नेतो.”

मेंढरांना पाला टाकता टाकता ती म्हणाली, “काल मलाबी एकजण भेटून गेल्ता. पोरगी दिली त्या गावाचं नाव घेऊन गेला.”

“मंग?”

“लई भ्या वाटून राह्यलं, भाऊ. माझं बोलणं ऐकू नको येऊ दे. पर दाखव. मालकाची मेंढरं, नदी, समदं दाखव.”

दिवेलागणीला मारुतीच्या पारावर टीव्ही मांडला. वस्ती झाडून जमली. मागे बाभळीखाली जीप येऊन थांबली. त्रिंबकने जीपकडे एकदा पाहिलं आणि कॅसेट आत सरकवली. मग तो टीव्हीच्या टेबलापाशी उभा राहिला.

नदी, ट्रक, खड्डे. मग गोपिकाबाईचा चेहरा आला. त्याने आवाज बारीक करत करत पार बंद केला.

पडद्यावर तिचे ओठ हलत राहिले. पांढऱ्या शर्टाचा माणूस जीपमधून उतरून थेट लोकांच्या मागे येऊन उभा राहिला. कुणी वळून पाहिलं नाही. ऐकू काहीच येत नव्हतं, पण ती काय म्हणते आहे ते लहान पोरांनाही कळत होतं.

त्रिंबकने बायकांत बसलेल्या गोपिकाबाईकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. डोळे टीव्हीवर होते. आणि टीव्हीतल्या ओठांबरोबर, तोंडापाशी तिचा पदर हलत होता.