लिंबायतच्या माईकला आलेला संशय

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि मला हातात घेणाऱ्या माणसावर माझा सहसा विश्वास बसत नाही. बटण बंद असले की लोकांना वाटते, माझे कानही बंद आहेत. तसे नसते. मंचावर चढण्यापूर्वी माणूस शेजाऱ्याशी काय बोलतो आणि बटण दाबल्यावर काय बोलतो, हे दोन्ही मी ऐकत आलो आहे. त्यामुळे कुणी फार गोड बोलू लागले की मी आधी सावध होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती सुरतेत, लिंबायतच्या सुकदेवभाऊंच्या मंडप-साउंडच्या दुकानात. नवा होतो तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. हळदी, साखरपुडे, जयंत्या, भजने, सगळीकडे मलाच मागणी. "ह्याचा आवाज थेट उधन्यापर्यंत जातो," असे सुकदेवभाऊ गिऱ्हाइकांना सांगत. ते साफ खोटे होते, पण ऐकायला बरे वाटे. पुढे बिनवायरचे माईक आले आणि मी पेटीच्या तळाला गेलो. माझ्या जाळीला पोचा पडला, मानेला काळी पट्टी गुंडाळली गेली. आता नवे माईक बाहेर गेले असतील, तरच माझी आठवण होते.

यंदाच्या श्रावणात तसेच झाले. खानदेशातून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या घरांनी गाव सोडले, आपली कानबाई देवी सोडली नाही. रविवारी तिची स्थापना, सोमवारी तापीवर विसर्जन. रविवारी संध्याकाळी मंडळाने कॉलेजात खेळणाऱ्या मुलामुलींचा सत्कार ठेवला होता. पुरुषांना टॉवेल-टोपी, मुलींना शाल. त्या मुलींत धनश्री होती. तिचे वडील हेमराज लूम चालवतात, आई पुष्पाबाई घरी साड्यांना लेस लावतात. धनश्री कॉलेजच्या कबड्डी संघात खेळते. यंदा मात्र तिचे गाडे अडले होते. चढाईला जायची आणि रिकाम्या हाताने परतायची. कॉलेजांमधली मोठी स्पर्धा तर तोंडावर आली होती.

तिचे प्रशिक्षक ललितसर मंचाच्या पायरीपाशी उभे होते. मी सुकदेवभाऊंच्या हातात होतो, बंद. सर हळूच म्हणाले, "खरं सांगू का भाऊ, चूक माझी आहे. पोरगी पकड करणारी. घोटा धरला की सोडत नाही. चढाईला कुणी उरलं नाही म्हणून मीच तिला तिथं घातली."

हे मी नीट ऐकून ठेवले.

मग सर मंचावर गेले. डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. मंडळाचे प्रमुख उखाभाऊ यांनी माझ्यातूनच विचारले, "सर, आपली पोरगी यंदा पॉइंट का आणत नाही?" लोक हसले. सरही हसले. मी वाट पाहत होतो, पायरीवरचे खरे आता वर येईल म्हणून. पण सर म्हणाले, "काय आहे, हल्ली तिचं मन खेळात नाही."

त्यांना वाटले, काहीतरी बोलून वेळ निभावली. मला मात्र लगेच धास्ती वाटली, कारण समोरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले होते. धनश्री शाल हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

वयात आलेल्या मुलीचे मन खेळात नाही, मग आहे कुठे? सत्कार संपायच्या आत हा प्रश्न मंडपभर फिरला. कुणी तिचा मोबाइल आठवला, कुणी तिला उशिरा सोडणारी रिक्षा. सुकदेवभाऊ वायरी गुंडाळत असताना हेमराज पुष्पाबाईंना मंडपामागे म्हणाले, "तिनं मन खेळमा नही म्हणे. मंग शे कोठे? सकायपाईन मैदानवर जावानं नही."

"आंडेरले इचारं तरी का तुम्ही?" पुष्पाबाई म्हणाल्या. लेकीला कुणी विचारलेच नव्हते.

सुकदेवभाऊंनी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, तुम्ही बोलून गेलात, पण इकडं पोरीचं मैदान उद्यापासून बंद झालं."

सोमवारी कानबाई विसर्जनाला उठायच्या आधीच ललितसर हजर झाले आणि त्यांनी मला मागून घेतले. मला संशय आलाच. स्पर्धा तोंडावर, खेळाडू हातची गेली, म्हणून हा माणूस आता धनश्रीची खोटी वाहवा करणार. त्यांच्या तळव्याला घाम सुटला होता.

"काल मी चुकीचं बोललो," सर जमलेल्या लोकांना म्हणाले. "धनश्रीचं मन खेळातच आहे. ती पकड करणारी आहे आणि मी तिला चढाईला पाठवत राहिलो. तो निर्णय माझा होता, आणि काल ते सांगायची मला लाज वाटली. तिचा खेळ कुठं कमी पडतो ते मी तिला मैदानावर सांगेन. इथं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझाही संशय पुरता गेला नव्हता. हे त्यांनी मुलीसाठी केले की संघासाठी, मला अजून सांगता येणार नाही. पण पायरीवर बोललेले आणि माईकवर बोललेले एकच निघाले, असे माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाले आहे.

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा एवढे करा. कुणाच्या अपयशावर बोलायचे असेल, तर त्यातला आपला वाटा आधी सांगा. उरलेले त्या माणसाला एकट्याला सांगा. माझ्यातून गेलेला शब्द कुणाच्या घरात शिरून काय करील, याचा मला कधीच भरवसा नसतो.

सरांचे बोलणे झाल्यावर हेमराज मंचापाशी आले आणि त्यांनी सरांच्या हातातून मला घेतले. हा बाप आता काय बोलतो? त्यांनी अंगठ्याने माझे बटण बंद केले. मग आईजवळ उभ्या असलेल्या धनश्रीकडे वळून हळू आवाजात विचारले, "सकाय प्रॅक्टिसले कितला वाजता जावानं शे तुले?"

मी ऐकलेले सगळ्यात चांगले वाक्य ते, आणि ते माझ्यातून कुठेच गेले नाही.