नागासेबाईंचं धनुष्य

कुझुमींनी वर्षानुवर्षं खपून शहरातल्या बोळांसाठी इवलीशी गाडी बनवली. विक्री सुरू झाली त्या दिवशी ते स्वतः हमामात्सूच्या शोरूममध्ये उभे होते. धनुर्विद्या शिकवणाऱ्या नागासेबाई नवऱ्याला आणि माणसाहून उंच धनुष्याला घेऊन आल्या. धनुष्य काही केल्या गाडीत मावेना.

कुझुमी पुढे सरसावले. "पुढची सीट आडवी केली की मावेल, बाई."

"मग हे कुठे बसणार?"

"मागे. पाय जरा पोटाशी घेऊन."

नागासे निमूटपणे आत शिरले. गुडघे हनुवटीला टेकले.

"कसं वाटतंय हो?" बाईंनी विचारलं.

"घरापेक्षा ऐसपैस आहे."

बाईंनी तिथल्या तिथे गाडी घेतली. नागासेंना बाहेर ओढायला मात्र कुझुमींना दोन्ही हात लावावे लागले.