शिवणीतली माती

भिवंडीजवळच्या दिघाशीत लडकूच्या घरी कधी आलात, तर पडवीला लागून जी खोली आहे तिथल्या पलंगावर मी दिसेन. मी गादी. बसा म्हटलं तर खुशाल बसा, फक्त उजव्या कडेची शिवण झटकू नका. तिच्यात थोडी माती आहे. ती कशी आली तेवढं सांगायचं म्हणून आज तोंड उघडलंय, एरवी मी बोलत नाही.

मी काथ्याची. नारळाच्या सोडणाचे केस पिंजून, त्यांना रबराचा चीक पाजून, यंत्राखाली दाबून माझं अंग झालं. वर बोटभर फोम, त्यावर निळ्या पट्ट्यांचा कपडा. हा कपडा नारपोलीच्या लूमवर विणलेला. त्यामुळे हाडं कुठल्या का समुद्रकाठची असेनात, कातडीने मी भिवंडीचीच, असं मी धरून चालते.

भिवंडीच्या एका दुकानात भिंतीला टेकून मी बरेच महिने उभी होते. तिथे माणसांची एक खोड मला कळली. गादी घ्यायला येणारा जो तो ती तळहाताने दाबून बघतो. झोपायचं असतं पाठीने, आणि परीक्षा घ्यायची हाताने. हात बुडाला की खूश होतात, पैसे देतात आणि घेऊन जातात. कडक म्हणून मला कुणी विचारत नव्हतं.

लडकू आला दोन हजार चार साली, थंडीत. मानकोलीच्या गोदामात हमाली करणारा, पन्नाशी उलटलेला माणूस. त्याने शेठला सगळं नीट सांगितलं. बायको रंगूबाई, चाळीस वर्षं भाताची लावणी केली, डोक्यावर गवताचे भारे वाहिले, आता मणके झिजलेत. डॉक्टर म्हणाले, गादी फार मऊ नको, फार कडक नको. म्हणजे कसली, हे विचारेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

शेठने सगळ्यात जाड, गुबगुबीत गादी पुढे केली. "चाचा, ये लेके जाओ. मख्खन है मख्खन."

"मख्खन पे सोने का न्हाय हाय शेठ," लडकू म्हणाला.

मग त्याने चपला काढल्या, पाय पुसले आणि भर दुकानात त्या गादीवर आडवा झाला. तोही सरळ नाही. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात गालाखाली. गिऱ्हाइकं हसायला लागली. तो त्याच्या सवयीने झोपला नव्हता, रंगूबाईच्या सवयीने झोपला होता. मग पाठीवर वळला आणि कमरेखाली हात सरकवून बघितला. हात जाईना. कंबर पार रुतली होती. दुसरी गादी नुसत्या फळीसारखी होती, तिच्यावर हात आरपार गेला. असं करत करत तो माझ्यापर्यंत आला. माझ्यावर त्याचा हात गेला, पण अडत अडत गेला. तो तसाच डोळे मिटून पडून राहिला. जन्मभर पोती रचलेल्या माणसाला वजन कुठे बसतं ते कुणी शिकवावं लागत नाही.

"टिकेल किती?" उठता उठता त्याने विचारलं.

"दो महिने में एक बार घुमाने का. सिर का बाजू पैर के तरफ. फिर देखो, कितना साल चलता है."

लडकूला तारखा लक्षात राहत नाहीत. त्याने मनाशी ठरवलं, दर दुसऱ्या पुनवेला. मला त्या माणसाबद्दल तिथेच माया वाटली. मला निवडलं म्हणून नव्हे. दुसऱ्याची पाठ आपल्या पाठीवर घेऊन दुकानात आलेला असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचा मुलगा धनेश टेम्पो चालवायचा. त्यातून मी दिघाशीला आले. रंगूबाईने मला प्लास्टिकवरूनच एकदा चाचपलं आणि निकाल दिला.

"येवढी चांगली गादी. राहू दे तशीच. पाव्हणं आलं तं हतरू."

"तुझ्या पाठीसाठी आणलीय गो."

"माझ्या पाठीला काय झालंय? भुईवर जल्म गेला माझा."

झालं. दीड वर्ष मी प्लास्टिकमध्ये घामेजत पडून होते, आणि जिच्यासाठी मला आणलं ती पलंगाशेजारी भुईवर, वाकळेवर कण्हत कूस बदलत होती. पाहुणे आलेच नाहीत असं नाही. आले, पण त्यांनाही माझं प्लास्टिक फोडायचा धीर झाला नाही, तेही भुईवरच झोपले. लडकू मात्र दर दुसऱ्या पुनवेला मला फिरवायचा. न वापरलेली गादी फिरवून काय होणार? पण तो फिरवायचा. मला रंगूबाईचा राग यायचा. स्वतःसाठी आणलेली वस्तू दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

पुढे धनेशचं लग्न झालं, रीमा घरात आली. त्याच वर्षी रंगूबाई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन तिला झेपायचं नाही, डॉक्टर म्हणाले. तिला घरी आणलं तेव्हा रीमा विळा घेऊन माझ्याकडे आली आणि प्लास्टिक टराटरा फाडलं.

"आई, पाव्हणं आलंच तर बसतील खाली," एवढंच ती बोलली.

रंगूबाईला माझ्यावर ठेवलं. आधी ती अंग चोरून राहिली, जणू दुसऱ्याच्या घरात बसली आहे. मग हळूहळू खांदे सुटले, कंबर टेकली. माझ्या अंगातला प्रत्येक काथ्या तिच्या मणक्याखाली जाऊन उभा राहिला. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "ही अशी हाय, हे आधी का न्हाय सांगितलं?"

"दीड वरीस सांगतोय," लडकू म्हणाला. दोघंही हसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा गादी झाल्यासारखं वाटलं.

ती उठली नाही. आठ महिने माझ्यावर होती. रीमा तिची कूस वेळेवर बदलून द्यायची, पावडर लावायची, चादर ताणून घालायची. पुनवेला बापलेक तिला खुर्चीत बसवून मला फिरवायचे. आठ महिन्यांत तिच्या अंगाला एक जखम झाली नाही. यात रीमाच्या हातांचा वाटा मोठा आहे, पण थोडा माझाही आहे, आणि तो सांगायला मी लाजत नाही.

मग एका सकाळी ती डोळे उघडेना. श्वास घरघरायला लागला, चमच्याचं पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. लडकूची थोरली बहीण धोंडूबाई आली. तिला तो आक्का म्हणायचा. गावात कुणाचं काय होणार हे आक्काने बघायचं आणि पुढचं तिने सांगायचं, अशीच रीत होती. तिने रंगूबाईच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "खाली घ्या."

आमच्याकडे माणसाने खाटेवर, गादीवर प्राण सोडू नये म्हणतात. शेवट भुईवर व्हावा, नाहीतर गती मिळत नाही, जीव घुटमळत राहतो. रीमाने जमीन सारवली, चौघांनी रंगूबाईला माझ्यावरून उचललं आणि त्या ओल्या भुईवर नुसत्या चादरीवर ठेवलं. ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. नातेवाईक येऊन भिंतीला टेकून बसले. मी वर रिकामी पडून होते. गादीच्या नशिबी हेच असतं, सगळं दुखणं आमच्यावर आणि शेवट दुसरीकडे. मी मनाची समजूत घातली.

पण ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी घरघर थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले, पाणी मागितलं. जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला आनंद झाला, कुणी घाबरलं.

"पाठीला टोचतंय," रंगूबाई म्हणाली. "मना गादीवर न्या."

रीमा पुढे झाली, तशी आक्काने तिचा हात धरला.

"खाली घेतलेलं मानूस वर नेत न्हाईत. दिस भरलेत तिचं. आज न्हाय तं उद्या जाईल, आन गेली गादीवर तं?"

आक्का वाईट नव्हती हो. तिला भावजयीचं पुढचं सुधारायचं होतं. धनेश बापाकडे बघत होता. आणि लडकू? त्यालाही तेच खरं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. त्याचे आईबाप भुईवरच गेले होते. बायकोचा जीव आपल्यामुळे अधांतरी राहिला तर काय, ही भीती त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती. एकीकडे तिची गती, दुसरीकडे तिची पाठ.

"अवो," रंगूबाई पुन्हा म्हणाली. तिने त्याला आयुष्यात एवढंच नाव दिलं होतं. "टोचतंय."

लडकू उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. लोकांना वाटलं, त्याला सोसवेना. बराच वेळ गेला. तो परत आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते आणि खांद्यावरच्या टॉवेलात काहीतरी बांधलेलं होतं. त्याने टॉवेल सोडला. माती होती. घरामागच्या खाचरातली, जिथे रंगूबाईने चाळीस वर्षं वाकून लावणी केली होती तिथली.

त्याने रीमाकडून जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेतला. माती त्यात पसरली, खडे वेचून काढले, चपटी पुरचुंडी केली आणि माझ्या उजव्या कडेला, जिथे तिचा तळहात येईल तिथे ठेवली.

"आक्का, भुईला अंग लागाया पायजे ना?" तो म्हणाला. "ती भुईवर यायची ती येऊन झाली. आता भुई तिच्याकडं आलीय. उचल रं धनेश."

लडकू खाली वाकला, त्याने खांद्यांखाली हात घातले. धनेशने कंबर धरली. आणि मग आक्काने लुगड्याचा पदर खोचला, पुढे झाली.

"पायाकडून मी धरते," ती म्हणाली. "सावकास."

अशी रंगूबाई माझ्याकडे परत आली. टेकली आणि तिने इतका मोठा श्वास सोडला की तो माझ्या तळापर्यंत पोचला. तिचा हात मातीवर गेला. तिने ती दाबून पाहिली आणि म्हणाली, "आपल्या खाचराची हाय." तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. पेज प्यायली, रीमाला भाकरीवरून दोनदा बोलली, आक्काबरोबर जुन्या लग्नांच्या गोष्टी काढल्या. विसाव्या दिवशी सकाळी, रीमा चुलीपुढे आणि लडकू जवळ बसलेला असताना, बोलता बोलता गप्प झाली. हात मातीवर होता.

गाव बोललं. गादीवर गेली म्हणाले, लडकूने रीत मोडली म्हणाले. आक्का सगळ्यांना उत्तर द्यायची, पण लडकूच्या मनातला खडा काही निघाला नाही. अजूनही तो दुपारी पलंगापाशी बसतो आणि मला वाटतं, स्वतःशी तेच विचारतो. रंगूला गती मिळाली असेल का? त्याच्याशी मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. गती म्हणजे काय ते गादीला माहीत नाही. पण तिच्या अंगाचं सगळं वजन माझ्यावर होतं, आणि शेवटच्या घटकेला त्यात कुठेही ताण नव्हता. खांदा नाही, कंबर नाही, मांडी नाही. लडकू, तिची पाठ त्या वेळी दुखत नव्हती. एवढं मला नक्की माहीत आहे.

रिवाजाप्रमाणे मला टाकून द्यायला अंगणात काढलं होतं. पुरचुंडी उचलताना फाटली आणि थोडी माती माझ्या शिवणीत गेली. लडकूने पाहिलं आणि मला उचलून परत आत आणलं. ऊन दाखवलं, कपडा पुसून घेतला, शिवण मात्र झटकू दिली नाही. त्या दिवसापासून त्याने मला फिरवणंही सोडलं. उजव्या बाजूला तिच्या अंगाचा खळगा आहे, तो त्याला मोडायचा नाही.

आता दोन हजार नऊ साल आहे. लडकूची हमाली सुटली, त्याचीही कंबर धरते. अलीकडे तो माझ्यावर निजतो, डाव्या कडेला, खळगा मोकळा ठेवून. मला ठाऊक आहे, त्याचीही वेळ कधीतरी येईल, कुणीतरी त्याच्या पायांना हात लावेल आणि 'खाली घ्या' म्हणेल. धनेश, रीमा, तेव्हा घाई करू नका. ज्याने दुसऱ्याची पाठ आपल्या पाठीवर घेऊन मला निवडलं, त्याला त्याच्या पाठीसाठी तरी माझ्यावर राहू द्या. भुईची काळजी करू नका. ती माझ्या शिवणीत आहे.