पश्चात्तापाचा कागद

मंगळवारी सकाळी क्लेव्हन पेटिफर्ड दुकानात पितळी किल्ली कानशीनं घाशीत होता. मागच्या खोलीत त्याची बायको व्हर्नेल शेंगा सोलत होती. चाळीस वर्षं गावानं आपली कुलपं या माणसाच्या हाती दिलेली. यंदा राज्यानं कायदा केला: कुलूपवाला असो की अलार्म बसवणारा, परवाना हवा. कायद्याला मी नावं ठेवत नाही. परक्याचं दार उघडणाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी.

क्लेव्हननं अर्ज केला. टपालानं उत्तर आलं. परवाना नाकारला. कारण: १९६०, दुसऱ्याच्या जागेत घुसखोरी, तीस दिवस कैद.

खरी हकिगत अशी, की तेव्हा आमच्या अमेरिकेच्या दक्षिणेत वाचनालय गोऱ्यांचं असायचं, काळ्यांना आत मज्जाव. एकोणीस वर्षांचा काळा क्लेव्हन आत जाऊन खुर्चीवर बसला, पुस्तक उघडून. शेजारी व्हर्नेल. ती लहान म्हणून सुटली.

पत्रात एक सवलत होती: पश्चात्ताप लेखी कळवल्यास फेरविचार होईल.

"लिहून टाक ना चार ओळी," व्हर्नेल म्हणाली. "कागदाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"मोठा आला! तुझ्या ताठ मानेवर मक्याची भाकरी भाजू का मी?"

"भाज. तापलेलीच आहे."

ती हसली नाही. दुकान गेलं तर हा माणूस जगणार कशावर, ही भीती तिला रात्रंदिवस पोखरत होती.

तिसऱ्या आठवड्यात परवानाच आला. सोबत ओळ: 'आपल्या मनःपूर्वक पश्चात्तापाची नोंद घेतली आहे.'

क्लेव्हननं ती दोनदा वाचली. "काय लिहिलंस, व्हर्नी?"

"तरुणपणी चूक झाली, पुन्हा होणार नाही." तिनं कानस उचलून त्याच्यासमोर धरली. "कानशीशिवाय एक दिवस तरी काढलायस का रे तू?"

"तूही होतीस तिथं."

"होते. म्हणून तर हात चालेना लिहिताना."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि परवाना मंडळाला लिहिलं: 'माझ्या नावानं आलेला पश्चात्ताप मी मागे घेतो. परवाना परत पाठवत आहे.' व्हर्नेलनं ते वाचलं, आणि पाकिटाला तिकीट लावलं.

त्या अर्जात गुन्हा कोणता, एवढाच रकाना आहे. दार कुणी बंद केलं होतं, हे विचारायला जागा नाही. ती ठेवायला कुणाचं काय जात होतं?

शुक्रवारी समोरच्या घरातून म्हातारी मिस ओडेसा ओरडली, "क्लेव्हन, ये बाबा पटकन! किल्ली आतच राहिली!"

"मला आता परवानगी नाही, मिस ओडेसा."

"चल, चेष्टा पुरे!"

परवाना असलेल्या माणसाला चाळीस मैलांवरून यायला दोन तास लागले. तोवर क्लेव्हन तिच्या पायरीवर तिला सोबत म्हणून बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.