यशयाचं वजन

आराधनाची सोयरीक ठरली ते दोन हजार चोवीस साल, पावसाळा सरतीला आलेला. लग्न पुढच्या मे महिन्यात धरलं. पोरीचा बाप जस्टिन कोरोनात गेलेला. तेव्हा तिला हाताला धरून चर्चमध्ये वेदीपर्यंत चालत नेण्याचा मान आजोबाचा, म्हणजे यशया भिंगारदिव्याचा. पाठीमागं काही राहिलं नाही तरी चालेल, पण हे एक काम आपल्या पायांनी व्हावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

अडचण गुडघ्यांची होती. शुगर जुनी, पोट पुढं आलेलं, ओट्यावर यायचं तरी आधी चौकटीला हात. शेवगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंगारदिवे, वजन उतरवा, गुडघे चालतील."

यशयाला हसू आलं. उभा जन्म त्यानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढला होता. भरली गाडी काट्यावर घ्यायची, ऊस खाली झाला की रिकामी घ्यायची, वजाबाकी करायची. वजन म्हणजे काय हे त्याला दुसऱ्यानं सांगावं?

बाई पुढं बोलतच होत्या. "पण हळूहळू. दूध, अंडी, डाळी सोडायच्या नाहीत. आणि वजनाचे व्यायाम करा. शुगरवाल्याचं हाड वरून धड दिसतं, आतून कच्चं असतं."

यशयानं मान हलवली आणि त्यातलं पटलं तेवढंच घरी नेलं. वजनाचे व्यायाम म्हणजे वजन उतरवायचे व्यायाम, त्यात शंका ती काय. त्याच दिवसापासून त्यानं नळावरून पाण्याची कळशी आणणं सोडलं.

"वजन उतरवायचंय, उचलायचं न्हाई," तो बायकोला म्हणाला.

सारानं कळशी कमरेवर घेतली. "बरंय. डाक्टरनीनं माझं नाव घेतलं नसंल."

दूध बंद झालं, कारण त्यात साय. अंडं बंद झालं, कारण त्यात पिवळं. नाताळच्या मटणाचा त्यानं नुसता वास घेतला. पुढं ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस आले, तेव्हा तर प्रत्यक्ष देवच त्याच्या बाजूला आला. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी उरलेली अर्धी, मध्ये गावभर चालणं.

दर बाजाराला तो कानिफनाथच्या धान्याच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर उभा राही. कानिफनाथालाही शुगर होतीच.

"काटेवाले, आज किती घट?"

"बारदाना धरून सांगू का सोडून?" यशया शर्टाची बाही ओढून म्हणायचा, आणि दुकान हसायचं.

जसजसं अंगातलं वजन उतरलं, तसतसं गावातलं वाढलं. पूर्वी ग्रामसभेत त्याला कुणी सरकून जागा देत नव्हतं, आता खुर्ची पुसून देऊ लागले. कुणाची शुगर वाढली की माणूस गोळी घ्यायच्या आधी यशयाला विचारायला यायचा. आणि खोटं कशाला बोला, त्याची शुगर खरंच उतरली होती. गुडघेही हलके झाले होते. आराधनाचा हात धरून तो अंगणात वेदीपर्यंतची चाल करून बघायचा, नि ती म्हणायची, "आजोबा, जरा दमानं. नवरदेव पळून न्हाई चालला."

त्याची पॅन्ट मात्र कमरेत मूठभर सैल झाली होती.

"शिंप्याकडं टाकू का?" आराधनानं विचारलं.

"नको. सैलच राहू दे. लोकांना कळणार कसं?"

सारा भांडी घासता घासता बोलली. "अवो, गाडी हलकी भरली की तुमी उसाचीच घट धरायचा ना? चाक निखळलं का, साटा मोडला का, बघितलं कधी?"

"गाडीचं वजन हाय तेच राहतं. कमी व्हतो तो ऊस."

"दंडाकडं बघा आपल्या. उसासंगं गाडीबी उतरतीय."

यशया चपला घालून चालायला निघाला. काट्यावर कधी गेली नाही अशा बाईशी वाद काय घालायचा.

ईस्टरच्या भक्तीला पाळकसाहेबांनी त्याला साक्ष द्यायला पुढं बोलावलं. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. यशया उठला. एका हातात बायबल, दुसऱ्या हातानं पॅन्ट धरलेली. व्यासपीठाची पायरी वीतभर उंच. वर चढून, लोकांना नीट दिसावं म्हणून त्यानं धरलेली पॅन्ट सोडली आणि दोन्ही हात पसरले. पॅन्ट खाली घसरली, पाय तिच्यात अडकला, आणि यशया कुशीवर पडला. साक्ष तिथंच राहिली.

नगरच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "एवढ्याशा पडण्यानं चांगला खुबा मोडत नाही. वजन भराभर उतरवलंत, त्यात खाणं तोडलंत. चरबीबरोबर मांस गेलं, हाडही गेलं. वजनाचे व्यायाम केले होते का?"

"केले की. त्यानंच तर उतरलं."

"अहो, वजन उचलायचे व्यायाम. हाडांवर भार पडला तर ती टिकतात."

सारा खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "म्हंजे कळशी. डाक्टरसाहेब, ते समदे व्यायाम मी केले."

लग्नाची तारीख हलवता येत नव्हती. ऑपरेशन झालं, पण चालायला अजून अवकाश होता. चाकाची खुर्ची चर्चच्या पायऱ्यांवरून वर न्यायला चार पोरं पुढं आली. त्यातला एक म्हणाला, "दोघं बास. काहीच वजन न्हाई ह्यांना." हे ऐकायला यशया सात महिने उपाशी राहिला होता. त्यानं मान खाली घातली.

आराधनानं हातातली फुलं त्याच्या मांडीवर ठेवली, पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि खुर्ची मागून धरली. तो तिला नेणार होता, तिनं त्याला नेलं. पाळकांनी विचारलं, "या मुलीला कोण देतं?" "मी देतो," यशया म्हणाला. बसून म्हणाला, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मागच्या बाकावर कानिफनाथ शेजाऱ्याच्या कानाला लागला. "पण शुगर एकदम नॉर्मल हाय म्हनं."

यशया भिंगारदिवे त्याच साली, म्हणजे दोन हजार पंचवीसच्या ऑगस्टात, अंथरुणाला खिळून छातीत कफ भरल्यानं एका रविवारी सकाळी वारला.